मुंबईतील सार्वजनिक उद्याने व नागरी वृक्ष

मुंबईतील सार्वजनिक उद्याने व नागरी वृक्ष : नगरवासीयांच्या विश्रांतीसाठी, खेळासाठी व संमेलनांसाठी राखून ठेवलेल्या मोकळ्या जागा, तसेच रस्त्यांच्या कडेस व वसाहतींमध्ये वाढविलेले वृक्ष यांचा येथे एकत्र विचार केला आहे. मुंबईत या दोन्ही गोष्टींचा इतिहास परस्परांत गुंतलेला आहे. मोकळ्या जागेचा वापर कोणी करावा आणि उभे झाड कोणाच्या परवानगीने तोडावे, हे दोन प्रश्न या शहरात सु. अडीचशे वर्षे निरनिराळ्या रूपांनी पुढे येत राहिले आहेत. राजेरजवाड्यांच्या व धनिकांच्या बागा भारतात प्राचीन काळापासून होत्या. तथापि सर्व नागरिकांना विनाअट प्रवेश असलेले, सार्वजनिक निधीतून राखलेले उद्यान ही कल्पना मुख्यतः एकोणिसाव्या शतकातील आहे. इंग्लंडमधील बर्कनहेड पार्क (१८४७) व न्यूयॉर्क येथील सेंट्रल पार्क (१८५८ पासून) ही तिची सुरुवातीची ठळक उदाहरणे होत. मुंबईत ही कल्पना त्यानंतर लवकरच आली. परंतु येथील सर्वांत मोठ्या मोकळ्या जागा उद्यान म्हणून निर्माण झालेल्या नव्हत्या. त्या तोफांसाठी मोकळ्या केलेल्या होत्या.

ब्रिटिशपूर्व व प्रारंभीच्या ब्रिटिश काळात मुंबईची बेटे माडांच्या व ताडांच्या वाड्यांनी, भातशेतीने आणि आंबा, फणस, चिंच यांसारख्या वृक्षांनी व्यापलेली होती. चिंचपोकळी, चिंचबंदर, ताडदेव, फणसवाडी, उंबरखाडी, वडाळा ही स्थलनामे या वृक्षसंपदेची साक्ष देतात. त्या काळी झाड ही प्रथम उत्पन्नाची बाब होती. माड व ताड यांपासून ताडी काढणे हा भंडारी समाजाचा परंपरागत व्यवसाय. त्यावर झाडागणिक कर बसविला जाई. १८७८ च्या मुंबई अबकारी अधिनियमानंतर हे नियंत्रण अधिक कडक झाले आणि परवान्यावाचून झाडास छेद देणे हा गुन्हा ठरला. मुंबईतील झाडांसाठी सरकारी परवाना लागण्याची प्रथा अशा रीतीने वृक्षसंरक्षणाच्या विचारातून आलेली नसून महसुलाच्या हिशेबातून आलेली आहे, ही बाब सामान्यतः लक्षात घेतली जात नाही.

मैदानांची उत्पत्ती : १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी वसईचा किल्ला जिंकला, तेव्हा मुंबईतील इंग्रज व्यापाऱ्यांमध्ये मोठी घबराट पसरली. तटबंदीच्या बाहेर खंदक खणण्याचे ठरले आणि त्यासाठी शहरातील व्यापाऱ्यांनीही वर्गणी दिली. तटालगतच्या माडांची तोड करण्यात आली. शत्रूस आडोसा मिळू नये व तोफांच्या माऱ्यास अडथळा येऊ नये म्हणून तटापासून ठराविक अंतरापर्यंतची जमीन उघडी ठेवावयाची, हा लष्करी नियम पुढे उत्तरोत्तर कडक करण्यात आला. फेब्रुवारी १८०३ मध्ये कोटाच्या उत्तर भागात मोठी आग लागली. तीत बरीच वस्ती जळाली व त्यानंतर उघड्या पट्ट्याची रुंदी वाढविण्यात आली. कोटातील दाट वस्ती पट्ट्यापलीकडे उत्तरेस सरकली. या उघड्या पट्ट्यास एस्प्लनेड म्हणत. मराठी बोलीत तो मैदान या साध्या नावानेच ओळखला जाई. लष्करी तंबूंसाठी आणि कवायतीसाठी त्याचा उपयोग होई व उन्हाळ्यात युरोपीय रहिवासीही तेथे तात्पुरत्या निवासांत राहात.

सर बार्टल फ्रिअर (कारकीर्द १८६२–६७) गव्हर्नर असताना कोटाची तटबंदी पाडण्याचे काम हाती घेण्यात आले. मोकळ्या झालेल्या जमिनीचा काही भाग इमारतींसाठी विकला गेला. सचिवालय, विद्यापीठ, उच्च न्यायालय इ. भव्य वास्तू पट्ट्याच्या पूर्वेकडे समुद्राकडे तोंड करून उभ्या राहिल्या. उरलेल्या मैदानाचे रस्त्यांनी तुकडे पडले. आजची आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल व कूपरेज ही मैदाने म्हणजे त्या एकाच पट्ट्याचे अवशेष होत. ओव्हलच्या एका बाजूस व्हिक्टोरियन काळातील गॉथिक शैलीच्या व दुसऱ्या बाजूस १९३० नंतरच्या आर्ट डेको शैलीच्या इमारती आहेत. या वास्तुसमूहाचा २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यातील मध्यवर्ती घटक एक रिकामे मैदान आहे, हे या यादीतील अनेक स्थळांच्या तुलनेत निश्चितच वेगळे होय.

मैदानाच्या वापरावरील पहिला मोठा वाद क्रिकेटमुळे उद्भवला. पारशी तरुणांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एस्प्लनेडवर क्रिकेट खेळण्यास सुरुवात केली. हिंदू व मुसलमान मंडळेही लवकरच निघाली. युरोपीयांच्या बाँबे जिमखान्यास (स्थापना १८७५) मैदानाच्या दक्षिण टोकाची जागा केवळ स्वतःच्या उपयोगासाठी मिळालेली होती. तरीही जिमखान्याचे सभासद घोड्यांवरील पोलोचा खेळ एतद्देशीयांच्या वाट्याच्या भागावर खेळत. घोड्यांच्या टापांनी जमीन उखडली जाई व तेथे क्रिकेट खेळणे धोक्याचे होई. १८८१ साली शेकडो एतद्देशीय खेळाडूंनी सह्या करून सरकारकडे अर्ज केला. शापुरजी सोराबजी हे या चळवळीचे प्रमुख होत. त्यांनी पारशी क्रिकेटच्या आपल्या इतिहासात (१८९७) या प्रकरणाचा सविस्तर वृत्तांत दिला आहे. १८८२ मध्ये सरकारने पोलो अन्यत्र हलविण्याचा आदेश दिला. तथापि जिमखान्याच्या विनंतीवरून तो लवकरच फिरविण्यात आला. अर्जदारांचे म्हणणे साधे होते : मोजके सभासद आठवड्यातून दोनदा खेळणार, त्यांच्यासाठी शेकडो तरुणांच्या रोजच्या व्यायामाची जागा का जावी? या प्रश्नास सरकारने समाधानकारक उत्तर दिल्याचे दिसत नाही. वादाची सोडवणूक झाली ती निराळ्याच मार्गाने. समुद्र हटवून तयार झालेल्या केनेडी सी फेसच्या बाजूस पारशी, मुसलमान व हिंदू जिमखान्यांना पुढील दशकात स्वतंत्र जागा देण्यात आल्या. त्यामुळे खेळाडूंची सोय झाली. पण सार्वजनिक मोकळी जागा संस्थांना धर्मवार वाटून देण्याचा पायंडाही पडला. पुढे मुंबईतील अनेक मैदाने संस्थांच्या ताब्यात गेली, त्याचे मूळ या तोडग्यात शोधता येते.

आझाद मैदानाचा उर्वरित भाग मात्र सामान्यांच्या क्रिकेटचे माहेरघर राहिला. भारतातील पहिला कसोटी सामना डिसेंबर १९३३ मध्ये त्यास लागून असलेल्या बाँबे जिमखान्यावर झाला. फेब्रुवारी १९८८ मध्ये सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी यांनी शालेय सामन्यात ६६४ धावांची अखंडित भागीदारी केली, तीही याच मैदानावर. मैदानाचा एक भाग निदर्शनांसाठी राखलेला आहे.

उद्यानांची निर्मिती : मुंबईतील पहिले मोठे सार्वजनिक उद्यान म्हणजे भायखळ्याचे व्हिक्टोरिया गार्डन्स, लोकांच्या तोंडची राणीची बाग. १८३० मध्ये स्थापन झालेल्या पश्चिम भारताच्या कृषी व उद्यानविद्या संस्थेचे शिवडी येथे एक उद्यान होते. ती जागा पुढे युरोपीयांच्या दफनभूमीसाठी घेण्यात आली. संस्थेने भायखळा–माझगाव भागात नवे उद्यान वसविले. लेडी फ्रिअर यांच्या हस्ते १९ नोव्हेंबर १८६२ रोजी त्याचे उद्‌घाटन झाले. वस्तुसंग्रहालयाच्या उभारणीत जॉर्ज बर्डवुड, डॉ. भाऊ दाजी लाड व जगन्नाथ शंकरशेट यांनी पुढाकार घेतला होता. ते उद्यानाच्या आवारात मे १८७२ मध्ये सुरू झाले. संस्था बंद पडल्यावर १८७३ मध्ये उद्यान नगरपालिकेकडे आले. १८९० च्या सुमारास त्याच्या क्षेत्रात भर घालून प्राणिसंग्रहालयाची सोय करण्यात आली. घारापुरी बेटास जो हत्तीचा पुतळा आपले पोर्तुगीज नाव देऊन गेला, त्याचे भग्न तुकडे जोडून तो १९१४ मध्ये येथे उभारण्यात आला. पुढे या उद्यानास वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे नाव देण्यात आले.

बहुसंख्य प्रेक्षक येथे प्राणी पाहण्यासाठी येतात. तथापि उद्यानाचे खरे महत्त्व वनस्पतिशास्त्रीय आहे. आफ्रिकेतील गोरखचिंच, दक्षिण अमेरिकेतील कैलासपती, ब्रह्मदेशातील उर्वशी इ. दूरदेशीचे वृक्ष व त्यांच्या शेजारी वड, पिंपळ, सीता-अशोक, बकुळ यांसारखे देशी वृक्ष असा संग्रह शहराच्या मध्यभागी अन्यत्र नाही. सु. तीन हजार वृक्ष व त्यांच्या अडीचशेहून अधिक जाती तेथे नोंदल्या गेल्या आहेत. २००७ च्या सुमारास प्राणिसंग्रहालयाचे आंतरराष्ट्रीय दर्जाचे नूतनीकरण करण्याची योजना पुढे आली, तेव्हा जुन्या वृक्षांस व मूळच्या रचनेस धक्का पोहोचेल, या भीतीने नागरिकांनी चळवळ केली व मूळ आराखड्यास बरीच कात्री लागली. संग्रहालयातील पेंग्विन पक्षी २०१७ पासून लोकांना पाहावयास मिळू लागले आणि प्रेक्षकसंख्या वाढली. उर्वशीच्या फुलोऱ्यासाठी येणारा प्रेक्षक मात्र अद्यापि विरळाच आहे.

टाउन हॉलसमोरील जुन्या ‘बाँबे ग्रीन’चे रूपांतर एल्फिन्स्टन सर्कल या वर्तुळाकार उद्यानात १८७२ पर्यंत झाले. कापसाच्या गठ्ठ्यांचा व कचऱ्याचा ढीग जेथे पडे, तेथे उद्यान करण्याची कल्पना पोलीस आयुक्त चार्ल्स फॉर्जेट यांनी पुढे रेटली व आर्थर क्रॉफर्ड या नगरपालिका आयुक्तांनी तीस पाठबळ दिले. याच परिसरातील वडाच्या झाडाखाली १८५० च्या दशकात शेअर-दलाल जमत. त्यांच्या संख्येबरोबर त्यांच्या सावलीची जागाही बदलत गेली. १८७५ मध्ये त्यांच्या मंडळाची रीतसर स्थापना झाली आणि आजचा मुंबई शेअर बाजार त्यातूनच वाढला. स्वातंत्र्योत्तर काळात या उद्यानास बाँबे क्रॉनिकल पत्राचे संपादक बी. जी. हॉर्निमन यांचे नाव देण्यात आले.

मलबार हिलवरील ‘हँगिंग गार्डन’ (सर फिरोजशहा मेहता उद्यान) हे पाणीपुरवठ्याच्या जलाशयाच्या छतावर केलेले आहे. खाली पाणी व वर केवळ मातीचा थर असल्याने तेथे खोल मुळांच्या वृक्षांऐवजी झुडपांना प्राण्यांचे आकार देण्याची कला जोपासली गेली. समोरच्या कमला नेहरू पार्कमधील (१९५२) ‘म्हातारीचा बूट’ मुंबईच्या मुलांच्या कित्येक पिढ्यांना परिचित आहे.

१८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमात पालिकेची कर्तव्ये बंधनकारक व ऐच्छिक अशा दोन गटांत विभागलेली आहेत. पाणी, मलनिस्सारण, सफाई, रस्ते ही पहिल्या गटात मोडतात, तर सार्वजनिक उद्याने व रस्त्याकडेची झाडे यांची निगा दुसऱ्या गटात येते. अंदाजपत्रकात ओढाताण झाली म्हणजे प्रथम कोणता गट आक्रसतो, हे वेगळे सांगावयास नको.

नगर सुधार न्यास व नियोजित वसाहती : १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. दाट वस्तीत हवा व उजेड खेळत नाही हेच साथीचे मूळ कारण, असे मानून १८९८ मध्ये मुंबई नगर सुधार न्यास स्थापन करण्यात आला. पिसवा व उंदीर यांच्याद्वारे रोग पसरतो, ही गोष्ट त्या काळात नुकतीच उजेडात येत होती व तिचा स्वीकार होण्यास वेळ लागला. म्हणजे रुंद रस्ते व उद्याने यांचा आग्रह काही अंशी चुकीच्या निदानावर आधारलेला होता. परंतु औषध मात्र लागू पडले. दादर–माटुंगा भागात न्यासाने आखलेल्या वसाहतींत रस्त्यांच्या दुतर्फा झाडे व मधून मधून बागा राखण्यात आल्या. पारशी वसाहतीजवळील ‘फाइव्ह गार्डन्स’ हा पाच बागांचा समूह त्याचे उत्तम उदाहरण होय. मंचरजी जोशी यांनी या वसाहतीच्या उभारणीत मोठा वाटा उचलला. रस्त्यागणिक एकेक जातीचे झाड लावण्याची येथील पद्धत मुंबईत अन्यत्र क्वचितच आढळते. न्यास १९३३ मध्ये महानगरपालिकेत विलीन झाला.

दादरचे शिवाजी पार्क हे मैदान महानगरपालिकेने १९२५ मध्ये लोकांसाठी खुले केले. त्याचे पहिले नाव माहीम पार्क असे होते. शिवाजी महाराजांच्या जन्माच्या त्रिशतसांवत्सरिक उत्सवाच्या निमित्ताने १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या मागणीवरून आजचे नाव देण्यात आले. सु. ११ हेक्टरांच्या या मैदानाभोवती बसण्यासाठी सलग कट्टा असून कडेने पर्जन्यवृक्षांची (विलायती शिरीष) व इतर झाडांची रांग आहे. क्रिकेटच्या अनेक खेळपट्ट्या, समर्थ व्यायाम मंदिर, बालमोहनसारख्या शाळांची मुले, संध्याकाळी कट्ट्यावर जमणारे वृद्ध आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतील प्रचंड सभा असा बहुविध वापर या एकाच जागेने पेलला आहे. दादर–गिरगावच्या मराठी मध्यमवर्गाच्या सार्वजनिक जीवनाचे ते केंद्रच होते असे म्हणण्यास हरकत नाही.

या वापरांतील परस्परविरोध न्यायालयापर्यंत गेला. रहिवाशांच्या अर्जावरून उच्च न्यायालयाने २०१० मध्ये हा परिसर शांतता क्षेत्र म्हणून मान्य केला. पुढे राज्य शासनाने २०१६ मध्ये खेळाव्यतिरिक्त कार्यक्रमांसाठी वर्षातील ४५ दिवस ठरवून दिले. मैदान सभेसाठी मिळावे म्हणून विभाग कार्यालयाकडे अर्ज, अनामत रक्कम व पोलिसांची संमती या पायऱ्या ठरलेल्या आहेत. २०२२ च्या दसरा मेळाव्यासाठी शिवसेनेच्या दोन्ही गटांनी अर्ज केले. महानगरपालिकेने कायदा व सुव्यवस्थेच्या कारणावरून दोन्ही नाकारले. २३ सप्टेंबर २०२२ रोजी उच्च न्यायालयाने तो नकार रद्द करून उद्धव ठाकरे यांच्या गटास परवानगी दिली. या प्रकरणात राजकीय पक्षाचे भवितव्य काय, यावरच लोकांचे लक्ष केंद्रित झाले होते. मैदानाच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा निराळा होता : परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याने आपल्या अधिकाराचा वापर पूर्वीचा प्रघात व उपलब्ध कागद पाहून करावयाचा असतो, केवळ भीतीच्या आधारे नव्हे.

विकास आराखडा व मोकळ्या जागा : महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये विकास आराखड्यात उद्याने व मैदाने यांसाठी जमिनी आरक्षित करता येतात. परंतु आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत अशी जमीन संपादित झाली नाही, तर मालकास नोटीस देऊन आरक्षण व्यपगत करून घेण्याचा मार्ग मोकळा होतो. नकाशावर हिरव्या रंगाने रंगविलेल्या कित्येक जागा प्रत्यक्षात कधीच हिरव्या झाल्या नाहीत, याचे हे एक प्रमुख कारण होय. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने जमिनीच्या बदल्यात रोख भरपाईऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क देण्याची सोय केली, तसेच मोठ्या भूखंडांवर क्षेत्रानुसार १५ ते २५ टक्के जागा करमणुकीसाठी मोकळी ठेवणे आवश्यक केले. ही जागा वाहनतळाच्या छतावर दाखविण्याची प्रवृत्ती पुढे बळावली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ च्या निर्णयात ती अमान्य केली व किमान विहित जागा जमिनीवरच असली पाहिजे असे सांगितले. छतावरील कुंडीत वड वाढत नाही हे माळ्यास ठाऊक होते. ते न्यायनिर्णयाने प्रस्थापित करावे लागले.

२०१४–३४ च्या आराखड्याच्या तयारीत मुंबईत दरडोई मोकळी जागा सु. १.२४ चौ. मी. इतकीच भरली. उपलब्ध जागा तरी कोणी सांभाळाव्या, हा प्रश्न या काळात तीव्र झाला. ओव्हल मैदान दुरवस्थेत असताना परिसरातील रहिवाशांनी न्यायालयात धाव घेतली व १९९० नंतरच्या काळात त्याच्या देखभालीची जबाबदारी स्वतः उचलून ते पुन्हा खेळण्याजोगे केले. हा प्रयोग यशस्वी ठरला. परंतु हीच दत्तक पद्धत शहरभर लागू होताच काही ठिकाणी उद्यानाच्या जागी क्लबाच्या वास्तू उभ्या राहिल्या व सामान्यांचा प्रवेश बंद झाला. टीकेनंतर जानेवारी २०१६ मध्ये मुख्यमंत्र्यांनी नव्या धोरणास स्थगिती दिली आणि दत्तक दिलेले २१६ भूखंड परत घेण्याचे ठरले. पोलोच्या प्रकरणापासून चालत आलेलाच हा वाद होता.

वृक्षसंरक्षणाचा कायदा : महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) वृक्ष संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ हा या विषयावरील भारतातील सुरुवातीच्या कायद्यांपैकी एक होय. दमणसह गोव्यात असा कायदा १९८४ मध्ये व दिल्लीत १९९४ मध्ये झाला. या अधिनियमानुसार प्रत्येक नागरी संस्थेस वृक्ष प्राधिकरण स्थापावे लागते. महानगरपालिकेत आयुक्त त्याचे अध्यक्ष असतात. स्वतःच्या आवारातील झाडही मालकास परवानगीवाचून तोडता येत नाही, ही या कायद्यातील मध्यवर्ती तरतूद. तोडणे या संज्ञेत जाळणे, उपटणे व झाड मरेल अशी इजा करणे यांचाही समावेश होतो. मालमत्तेवरील मालकाच्या हक्कास सार्वजनिक हितासाठी एवढी मर्यादा घालणारी ही तरतूद १९७५ मध्ये धाडसाचीच होती.

प्रत्यक्ष कार्यपद्धती पुढीलप्रमाणे चालते. अर्ज आल्यावर वृक्ष अधिकारी जागेची पाहणी करतो. वृत्तपत्रात जाहीर सूचना देण्यात येते व संबंधित झाडावरही सूचनापत्र लावले जाते. हरकती ऐकल्यानंतर प्रकरण प्राधिकरणापुढे येते. झाड मृत वा रोगग्रस्त असेल, वाहतुकीस अडथळा करीत असेल किंवा त्यापासून जीवित वा मालमत्तेस धोका असेल, तर परवानगी नाकारली जात नाही. तोडलेल्या झाडाच्या बदल्यात नवीन झाड लावून ते जगविणे बंधनकारक असते. कायद्याचे सारे बळ वस्तुतः झाडावर लावलेल्या त्या कागदात आहे; कारण येणाऱ्या-जाणाऱ्यास हरकत घेण्याची एकमेव संधी तोच देतो. तो पावसाने भिजला किंवा वेळेपूर्वी फाडला गेला, म्हणजे पुढील सर्व पायऱ्या औपचारिक ठरतात. बदली झाडांचे भवितव्यही असेच अनिश्चित असते. दादरच्या रस्त्यावरील साठ वर्षांच्या पर्जन्यवृक्षाऐवजी उपनगराच्या टोकास लावलेले रोप हिशेबात बरोबरीचे धरले जाते, पण सावली ज्यांची गेली त्यांना ते उपयोगाचे नसते.

२०१७ च्या दुरुस्तीने पंचवीसपर्यंतची झाडे तोडण्याच्या अर्जांवर आयुक्तांना एकट्याने निर्णय घेण्याचा अधिकार मिळाला. प्रकरणांचे तुकडे पाडून प्राधिकरणास वगळले जाईल, अशी हरकत घेण्यात आली व २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने त्या अधिकाराच्या वापरास स्थगिती दिली. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या वृक्षास ‘वारसा वृक्ष’ ही संज्ञा दिली आणि बदली झाडांची संख्या तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी असावी असे तत्त्व आणले. दोनशे वा त्याहून अधिक झाडांची प्रकरणे राज्य वृक्ष प्राधिकरणाकडे सोपविण्यात आली.

या दुरुस्तीमागे आरे वसाहतीचे प्रकरण होते. मेट्रो मार्ग ३ च्या कारशेडसाठी २,६४६ झाडे तोडण्याच्या अथवा स्थलांतरित करण्याच्या प्रस्तावास वृक्ष प्राधिकरणाने ऑगस्ट २०१९ मध्ये मान्यता दिली. ४ ऑक्टोबर रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या व त्याच रात्री तोड सुरू झाली. ७ ऑक्टोबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती थांबविली, तोवर २,१४१ झाडे पडली होती. शासनाने २०२० मध्ये कारशेड हलविण्याचे ठरवून आरेतील सु. ८०० एकर जमीन राखीव वन म्हणून घोषित करण्याचा निर्णय केला. २०२२ मध्ये कारशेड पुन्हा मूळ जागी आणण्यात आली. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८४ झाडांपुरती प्राधिकरणाकडे अर्ज करण्याची मुभा दिली. त्याहून अधिक झाडांसाठी अर्ज केल्याबद्दल एप्रिल २०२३ मध्ये मेट्रो महामंडळास दहा लाख रुपये भरावयास लावले. मात्र १७७ झाडे काढण्यास परवानगीही दिली. शहरास मेट्रोची निकड होती, याविषयी फारसे दुमत नव्हते. निर्णय व अंमल यांमध्ये अपिलापुरताही अवधी न ठेवणे, हे मात्र समर्थनीय नव्हते.

वृक्षगणना व वृक्षांची स्थिती : अधिनियमानुसार दर पाच वर्षांनी वृक्षगणना करावयाची असते. मुंबईच्या २००८ च्या गणनेत सु. १९ लाख, तर २०१८ मध्ये पूर्ण झालेल्या गणनेत सु. २९ लाख ७५ हजार झाडे नोंदली गेली. दहा वर्षांत झाडे दीडपट झाली, असा याचा सरळ अर्थ घेता येत नाही. गणनेचे तंत्र व व्याप्ती बदलली, खाजगी आवारांतील नोंदी सुधारल्या, लहान झाडेही मोजली गेली. विस्तीर्ण छत्राचा पर्जन्यवृक्ष आणि कुंपणालगतचा सरळसोट हिरवा अशोक हे दोन्ही गणनेत एकेकच भरतात.

रस्त्यांवरील वृक्षांत गुलमोहर, पीतमोहर व पर्जन्यवृक्ष या परदेशी जाती लवकर वाढणाऱ्या म्हणून मोठ्या प्रमाणावर लावल्या गेल्या. गुलमोहराचे लाकूड ठिसूळ असल्याने पावसाळी वाऱ्यात तो सहज मोडतो. २०१० नंतरच्या काही वर्षांत पिठ्या ढेकणांच्या उपद्रवाने पर्जन्यवृक्ष मोठ्या संख्येने वाळले. बुंध्यापर्यंत काँक्रीट व फरसबंदी भिडविल्याने मुळांना हवा-पाणी मिळत नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीच्या संदर्भात बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवण्याचे आदेश दिले व पुढे मुंबईतही काँक्रीट काढण्याच्या मोहिमा झाल्या. वाहिन्यांसाठी चर खणताना मुळे एका बाजूने छाटली जातात आणि पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीत फांद्या दुसऱ्या बाजूने उतरविल्या जातात. असे तोल गेलेले झाड कोसळले, म्हणजे दोष वाऱ्यास दिला जातो. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात शहरात शेकडो झाडे पडली.

काही प्रयत्न उलट दिशेनेही झाले. धारावीलगत मिठी नदीच्या काठी पूर्वी कचरा टाकला जाई. तेथे सु. १५ हेक्टरांवर महाराष्ट्र निसर्ग उद्यान वाढविण्यात आले. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांच्या हस्ते १९८३ मध्ये तेथे पहिले झाड लावण्यात आले व १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी खुले झाले. कचऱ्याच्या थरावर प्रथम तग धरणाऱ्या जाती लावून माती तयार होऊ देण्यात आली व नंतर इतर जातींची भर घातली गेली. वांद्र्याचे जॉगर्स पार्क (१९९०) हेही दुर्लक्षित जागेतूनच निर्माण झाले.

मलबार हिलचा जुना जलाशय पाडून नव्याने बांधण्याची योजना महानगरपालिकेने आखली. तीत हँगिंग गार्डनचा भाग दीर्घकाळ बंद राहणार होता व तीनशेहून अधिक झाडांस बाधा पोहोचणार होती. २०२३ मध्ये झाडांवर सूचनापत्रे लागताच रहिवाशांनी हरकती नोंदविल्या. नेमलेल्या तज्ञांच्या समितीत भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील प्राध्यापकांचा समावेश होता; त्यांनी जलाशय पाडण्याची गरज नसून टप्प्याटप्प्याने दुरुस्ती करता येईल, असे मत दिले. त्यानंतर पुनर्बांधणीची योजना मागे घेण्यात आली.